गुडघा बदलायच्या ऑपरेशनआधी पाणी: किती, कधीपर्यंत, आणि रिकव्हरीत फरक नेमका कुठे पडतो

तुमचा प्रश्न नीट वाचला. आईंचं वय ६८, गुडघा बदलायचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलंय, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत, आणि घरात दोन बाजूंनी दोन सल्ले येतायत. एक नातेवाईक म्हणतायत की आत्तापासून रोज चार लिटर पाणी पाजा, म्हणजे जखम पटकन भरेल आणि त्या लगेच चालायला लागतील. हॉस्पिटलच्या कागदावर मात्र लिहिलंय की रात्री बारानंतर पाण्याचा थेंबसुद्धा नको, आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी "अकरा ते दोनच्या मध्ये कधीतरी". यातलं कुणाचं ऐकायचं, आणि पाण्याने रिकव्हरीत खरंच फरक पडतो का, असं तुम्ही विचारलंय. मी भूलतज्ज्ञ आहे, सांधे बदलायच्या ऑपरेशनना भूल देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

थोडक्यात आधी सांगते. फरक पडतो, पण तो पहिल्या एकदोन दिवसांत दिसतो. आई ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, टेबलावर येतील तेव्हा त्यांचं शरीर कोरडं पडलेलं नसावं, एवढंच आपल्याला साधायचंय. कोरड्या शरीराने आलेल्या पेशंटला बीपी पडणं, चक्कर, उलट्या, किडनीवर ताण असं काहीतरी भोगावं लागतं, पण गरजेपेक्षा दुप्पट पाणी पिऊन आलेल्याला त्यातून जास्तीचं काही मिळत नाही, उलट त्याचे वेगळे त्रास आहेत. आता हे का ते बघू, कारण कारण कळलं की तुम्हाला डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येईल.

आधी एक गोष्ट जी कुठल्याच फाईलमध्ये लिहिलेली नसते. गुडघेदुखीची माणसं पाणी कमी पितात, आणि मुद्दाम कमी पितात. तपासणीला आल्यावर मी विचारते दिवसाला पाणी किती पिता, तर ठरलेलं उत्तर येतं, "भरपूर पितो की". मग मी विचारते रात्री लघवीला किती वेळा उठावं लागतं आणि उठताना किती दुखतं, तेव्हा खरी गोष्ट बाहेर येते. संडासात बसणं-उठणं हा त्यांच्या दिवसातला सगळ्यात दुखरा भाग असतो, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत त्यांनी हळूहळू पाणी तोडलेलं असतं, संध्याकाळनंतर तर जवळपास बंदच, बाहेर कुठे जायचं असेल तर सकाळपासून बंद. घरच्यांना याचा पत्ता नसतो, कारण जेवताना ग्लास भरलेला दिसतो, तो रिकामा झाला का ते कोण बघतंय. त्यात वय वाढलं की तहान लागण्याची जाणीवच बोथट होते, म्हणजे शरीराला पाणी कमी पडतंय पण तहान लागलीय असं वाटतच नाही. त्यात परत बीपीच्या गोळीत बऱ्याचदा लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. अशी माणसं ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी राहायच्या आधीपासूनच थोडी मागे असतात, आणि त्यावर बारा-चौदा तासांचा निर्जळी उपास चढतो.

म्हणून तुमच्या आई रोज खरंच किती पितात ते पहिल्यांदा शोधून काढा. विचारून कळणार नाही, मोजा. एक लिटरची बाटली सकाळी भरून द्या आणि रात्री त्यात किती उरलं ते बघा, चहा-दूध वगैरे वेगळं धरा, असं तीन-चार दिवस केलं की चित्र स्पष्ट होतं. लघवीचा रंग बघायचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तरुण माणसाला तो ठीकही आहे, पण साठी-सत्तरीतल्या माणसात मी त्यावर विसंबत नाही. वयानुसार किडनीची लघवी घट्ट करायची ताकद कमी होते, लघवीची गोळी चालू असेल तर शरीर कोरडं असूनही लघवी फिकट येते, शुगरच्या काही गोळ्यांनीही तसंच होतं, आणि उलट बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली तर पाणी पुरेसं असूनही लघवी पिवळीजर्द दिसते. हाताच्या कातडीला चिमटा काढून बघण्याचंही तेच, म्हातारी कातडी तशीही सैलच असते. बाटली मोजणं कंटाळवाणं वाटेल पण तेच खरं.

आता ऑपरेशनच्या दिवशी काय होतं ते सांगते. गुडघ्याच्या ऑपरेशनला बहुतेक वेळा पाठीच्या कण्यातून भूल देतात, आपण स्पायनल म्हणतो ती. तिने पाय बधिर होतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच वेळी कमरेखालच्या रक्तवाहिन्यांना आकसून धरणाऱ्या नसाही बंद पडतात आणि त्या वाहिन्या सैल पडून रुंद होतात. म्हणजे टाकी एकदम मोठी झाली पण आतलं पाणी तेवढंच राहिलं. मग बीपी खाली येतं. शरीरात पाणी पुरेसं असेल तर हे उतरणं आम्ही थोडं सलाईन आणि फिनाइलएफ्रिनसारखं औषध देऊन सहज सांभाळतो. शरीर कोरडं असेल तर बीपी जास्त खोल जातं, पेशंटला मळमळतं, घाम फुटतो, कसंतरी होतंय म्हणतात, आणि मग औषधंही जास्त लागतात आणि घाईघाईत सलाईनही जास्त जातं. पुढे मांडीला बांधलेला पट्टा, म्हणजे टूर्निके, सोडला की पायात रक्त परत धावतं आणि बीपी पुन्हा एकदा उतरतं. कोरड्या पेशंटमध्ये तो दुसरा धक्काही मोठा असतो.

मला तर बऱ्याचदा सुई लावतानाच अंदाज येतो. दुपारच्या केसचा पेशंट, मनगटाला पट्टा बांधलाय, हात खाली सोडलाय, हाताच्या पाठीवर थापट्या मारल्या तरी शीर वर येत नाही, जी दिसते ती बोटाखाली दोऱ्यासारखी बारीक लागते आणि सुई गेली की पिचकते. ओठ सुकलेले, जीभ टाळ्याला चिकटतेय म्हणून बोलताना शब्द अडखळतायत. विचारलं शेवटचं पाणी कधी प्यायलात, तर काल रात्री नऊला, गोळीबरोबर. कागदावर बारा लिहिलेलं असतं, पण भीतीपोटी माणसं नऊलाच बंद करतात, आणि केस अकराची दोनवर गेली की सतरा तास होतात. मला हे बघवत नाही, कारण यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं.

आता तुमचा मूळ मुद्दा, रिकव्हरी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आजकाल पेशंटला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उभं करतात, आणि त्यामागे पक्की कारणं आहेत, पायात रक्ताची गुठळी होऊ नये, छातीत कफ साठू नये, गुडघा आखडू नये. फिजिओ येतात, वॉकर समोर ठेवतात, पेशंट पलंगाच्या कडेला बसतो, उठतो, आणि दोन पावलं टाकायच्या आत डोळ्यापुढे अंधारी येऊन परत पलंगावर. त्या दिवशीचा व्यायाम गेला. आणि त्याहून वाईट म्हणजे मनात भीती बसते, पुढच्या वेळी उठायलाच नको म्हणतात. आता इथे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की ही चक्कर फक्त पाण्यामुळे येत नाही. मोठ्या ऑपरेशननंतर उभं राहताना बीपी सावरायची शरीराची यंत्रणाच थोडा काळ मंद असते, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं त्यात भर घालतात, रक्त गेलेलं असतं, रात्रीची झोप झालेली नसते. त्यामुळे पाणी व्यवस्थित असलेल्या पेशंटलाही चक्कर येऊ शकते. पण या सगळ्या कारणांपैकी आपल्या हातात असलेलं सगळ्यात सोपं कारण पाण्याचं आहे, म्हणून मी त्याच्या मागे लागते.

दुसरी जागा किडनी, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत मला हीच जास्त महत्त्वाची वाटते. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलच्या जातीची गोळी, तिच्यात मिसळलेलं लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, आणि गुडघा दुखतो म्हणून महिनोन्महिने घेतलेली डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक किंवा इटोरिकॉक्सिब, ही तीन औषधं एकत्र आली की किडनीला होणारा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी अडचणीत येतो. एरवी शरीर कसंबसं निभावून नेतं. त्यात उपास आला, ऑपरेशनमध्ये बीपी पडलं, थोडं रक्त गेलं, आणि वर ऑपरेशननंतर तीच वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन परत सुरू झालं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेलं दिसतं. बहुतेकांचं ते काही दिवसांत खाली येतं, पण तोवर डिस्चार्ज लांबतो, वेदनाशामकं बदलावी लागतात, मग दुखणं जास्त, मग व्यायाम कमी. ज्यांच्या किडनीला आधीच साखरेने धक्का दिलाय त्यांना हे परवडत नाही. म्हणून दुखण्याच्या ज्या गोळ्या आई घेतायत, दुकानातून आणलेल्यासुद्धा, त्यांची यादी भूलतज्ज्ञांना दाखवा. "ती काय, दुखण्याची साधी गोळी" म्हणून ती यादीतून हमखास सुटते.

बाकीचे परिणाम भराभर सांगते. कोरड्या पेशंटला ऑपरेशननंतर मळमळ-उलटीचा त्रास जास्त होतो. दुखण्याच्या कडक औषधांनी पोट साफ होत नाही, त्यात पाणी कमी म्हणजे चौथ्या दिवशी गुडघ्यापेक्षा पोटाचीच तक्रार मोठी होते. वयस्कर माणसांना ऑपरेशननंतर जो गोंधळ उडतो, रात्री भलतंच बोलणं, माणसं न ओळखणं, त्याच्या कारणांमध्ये पाणी कमी पडणं आणि सोडियम बिघडणं ही दोन्ही आहेत. पायात गुठळी होण्याच्या जोखमीच्या यादीतही कोरडेपणा धरतात, तिथे तो एकटा कारण नसतो, गुठळीसाठी दिलेली गोळी किंवा इंजेक्शन आणि लवकर चालणं हेच मुख्य. आणि एक जी पटकन लक्षात येत नाही, शरीर कोरडं असताना रक्त घट्ट असतं म्हणून ऑपरेशनआधीच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन थोडं फुगून दिसतं, मग सलाईन गेल्यावर ते खऱ्या जागी येतं आणि घरचे घाबरतात की एवढं रक्त गेलं कुठे. काही रक्त ऑपरेशनमध्ये जातंच, पण उतरलेल्या आकड्यातला काही भाग नुसता पातळ झाल्याचा असतो.

आणि पाण्याने काय होत नाही तेही सांगते. जास्त पाणी प्यायल्याने नवीन सांध्याला वंगण मिळत नाही, तो धातू आणि प्लास्टिकचा असतो. हाड लवकर धरत नाही. टाक्यांची जखम चार लिटर पाण्याने दोन लिटरपेक्षा लवकर भरत नाही. जखमेच्या बाबतीत शुगर कंट्रोलमध्ये असणं, तंबाखू-सिगारेट बंद असणं आणि जेवणात प्रथिनं पुरेशी असणं यांचं वजन पाण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. तीन आठवडे हातात आहेत तर जोर तिकडे लावा.

चार लिटरचा सल्ला मला का आवडला नाही तेही ऐका. युरोपातल्या क्लिनिकल न्यूट्रिशनच्या संस्थेने, एस्पेनने, वयस्क स्त्रियांसाठी दिवसाला किमान १.६ लिटर आणि पुरुषांसाठी किमान २ लिटर पेयं सांगितलीयत, त्यात पाणी, चहा, दूध सगळं आलं. गरम हवा, घाम, ताप असेल तर वाढवायचं. पण ६८ वर्षांच्या, थायझाइडची (वर सांगितलेली लघवी वाढवणारी) गोळी घेणाऱ्या बाईला रोज चार लिटर साधं पाणी पाजलं तर रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं. या गोळीने वयस्क बायकांमध्ये सोडियम तसंही उतरायला बघतं, त्यात पाण्याचा मारा. सोडियम उतरलं की थकवा, मळमळ, तोल जाणं, गोंधळणं, आणि फार उतरलं तर फिट. आणि तपासणीत सोडियम खूप कमी निघालं तर ऑपरेशन पुढे ढकलावंच लागतं. चांगल्या हेतूने केलेली गोष्ट अंगाशी येते ती अशी. शिवाय ज्या बाईला संडासला उठणं नको होतं तिला तुम्ही दिवसातून पंधरा वेळा उठवणार, दुखऱ्या गुडघ्यावर, रात्री अंधारात, म्हणजे ऑपरेशनआधीच पडण्याची भीती.

आता बारा वाजताचा नियम. हा नियम उगाच आलेला नाही. १९४६ मध्ये कर्टिस मेंडेल्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने बाळंतपणात भूल दिलेल्या बायकांच्या पोटातलं अन्न आणि आम्ल उलटून फुप्फुसात गेल्यावर काय होतं ते मांडलं, आणि त्यानंतर भूल द्यायच्या आधी पोट रिकामं असण्यावर जोर वाढत गेला. मग "रात्री बारानंतर काही नाही" हे सगळ्यांना एकसारखं सांगायला सोपं म्हणून रुळलं, जेवणही बंद आणि पाणीही बंद. पण जेवण आणि पाणी पोटातून सारख्या वेगाने जात नाही. निरोगी पोटातून साधं पाणी निम्मं १० ते २० मिनिटांत पुढे सरकतं. हे कळल्यावर अमेरिकेच्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने १९९९ मध्येच लिहिलं की स्वच्छ पातळ पेयं ऑपरेशनच्या २ तास आधीपर्यंत चालतील, हलकं खाणं ६ तास आधीपर्यंत, तेलकट किंवा मांसाहारी जेवण ८ तास किंवा जास्त. युरोपच्या २०११ च्या मार्गदर्शनातही तेच आहे, तिथे तर २ तास आधीपर्यंत प्यायला प्रोत्साहन द्या असं म्हटलंय. गुडघा-खुब्याच्या ऑपरेशनसाठी इरास सोसायटीने, म्हणजे ऑपरेशननंतर पेशंट लवकर सावरावा यासाठी काम करणाऱ्या संस्थेने, २०२० मध्ये जे काढलं त्यातही हेच २ तास. एखादं हॉस्पिटल अजून बारा वाजताच लिहीत असेल तर त्याला निष्काळजीपणा म्हणू नका, तिथे केसचा क्रम ऐनवेळी बदलतो, अकराची केस नऊला घ्यावी लागते, म्हणून ते सुरक्षित बाजूने राहतात. पण विचारण्यात काहीच गैर नाही.

स्वच्छ पेय म्हणजे ज्यातून आरपार दिसतं ते. पाणी, गर नसलेला गाळलेला रस, बिनदुधाचा चहा, बिनदुधाची कॉफी. दूध यात धरायचं नाही, पोटातल्या आम्लात ते फाटतं आणि त्याच्या गुठळ्या होतात, त्यामुळे ते हलक्या खाण्यासारखं ६ तासांच्या हिशोबात जातं. आईंना सकाळी उठल्याउठल्या चहाची सवय असेल तर हे आधीच समजावून ठेवा, कारण "फक्त दोन घोट चहा घेतला" या एका वाक्यावर केस सहा तास पुढे गेलेली मी पुष्कळदा बघितलीय. आणि घेतला असेल तर लपवू नका, भूल द्यायच्या आधी सांगा, ऑपरेशन उशिरा झालेलं चालेल पण पोटातलं फुप्फुसात जायला नको. कॉफी-चहाची रोजची जबर सवय असलेल्यांना तो एकदम तुटला की दुपारी डोकं धरतं, त्यांना परवानगी घेऊन सकाळी बिनदुधाचा घेता आला तर बरं वाटतं.

ऑपरेशनआधी प्यायचं कार्बोहायड्रेट ड्रिंक मिळतं, त्याबद्दलही कुणीतरी तुम्हाला सांगेलच. साधारण ४०० मिलीमध्ये ५० ग्रॅम कार्ब असतं आणि २ तास आधी देतात. तहान-भूक कमी लागते, पेशंटला बरं वाटतं. पण गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये त्याने घरी लवकर जाता येतं असं ठोस काही दिसलेलं नाही, इरासच्या त्या २०२० च्या कागदातही ते सगळ्यांना दिलंच पाहिजे असं धरलेलं नाही. आईंना शुगर आहे, मी तरी त्यांना आपणहून देणार नाही. साधं पाणी पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे २ तास सगळ्यांना लागू होत नाहीत. ज्यांचं पोट हळू रिकामं होतं त्यांचा हिशोब वेगळा. बरीच वर्षं शुगर असलेल्यांमध्ये पोट मंदावतं, थोडं खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटणं, जेवणानंतर तासन्‌तास जडपणा, खाल्लेलं उलटून येणं, यातलं काही आईंना होत असेल तर सांगा. वजन आणि शुगरसाठीची आठवड्याची इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड, तिर्झेपाटाइड वगैरे, ही तर पोट मुद्दाम हळू करतात, ती चालू असतील तर भूलतज्ज्ञांना आठवडाभर आधीच कळलं पाहिजे. पाण्याचं प्रमाण वाढवण्याच्या बाबतीत हार्ट फेल्युअर असलेले, पायाला-फुप्फुसाला पाणी धरणारे, किडनीचा मोठा आजार किंवा डायलिसिसवर असलेले, लिव्हर खराब असलेले, यांनी माझं वर लिहिलेलं बाजूला ठेवायचं आणि आपल्या डॉक्टरांनी आखून दिलेलंच पाळायचं. खुबा मोडून तातडीने येणाऱ्या पेशंटचीही गोष्ट वेगळी, तिथे आम्ही सलाईननेच सुरुवात करतो.

आणि शुगरच्या गोळ्यांमध्ये एक नाव खास बघा, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा कॅनाग्लिफ्लोझिन. बऱ्याचदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असतं म्हणून नावावरून कळत नाही, पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात आणि साखरेबरोबर पाणीही जातं. वर उपास पडला की रक्तात आम्ल वाढू शकतं, तेही शुगरचा आकडा जवळपास नॉर्मल दिसत असताना, म्हणून ते उशिरा लक्षात येतं. ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी या बंद करायच्या असतात, एर्टुग्लिफ्लोझिन असेल तर ४ दिवस. आपल्या मनाने बंद करू नका, शुगरच्या डॉक्टरांना विचारून बदली काय घ्यायचं ते ठरवा, पण हा विषय तुम्हीच काढा.

तुमच्या आई माझ्याकडे आल्या असत्या, हार्ट-किडनी ठीक निघाली असती, तर मी हे सांगितलं असतं. पुढचे तीन आठवडे चहा-दूध धरून दिवसाला दीड ते दोन लिटर, त्यातला मोठा भाग सकाळी उठल्यापासून संध्याकाळी पाच-सहापर्यंत विभागून, म्हणजे रात्री उठायला लागणार नाही. एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा दर तास-दीड तासाने अर्धा-पाऊण ग्लास. क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासणीत असू द्या. आदल्या दिवशी नेहमीसारखं प्या, जेवण वेळेत आणि हलकं, झोपताना एक ग्लास पाणी. सकाळी उठल्यावर, परवानगी असेल तर, एक ते दोन ग्लास पाणी, दिलेल्या वेळेच्या २ तास आधी संपवून. बीपीच्या गोळ्यांपैकी टेल्मिसार्टन-रॅमिप्रिलच्या जातीची आणि लघवीची गोळी त्या सकाळी बऱ्याचदा घेऊ नका सांगतात, कारण स्पायनलनंतर बीपी जास्त उतरतं, पण मेटोप्रोलॉल-बिसोप्रोलॉलसारखी गोळी अशी परस्पर बंद करायची नसते. कुठली घ्यायची कुठली नाही हे लिहूनच मागा, तोंडी सांगितलेलं गडबडीत विसरतं.

भूलतज्ज्ञांच्या तपासणीच्या दिवशी "पाणी पिऊ का" असं मोघम विचारलंत तर मोघमच उत्तर येईल. असं विचारा: "आमचा नंबर साधारण कितीला आहे, आणि साधं पाणी नेमकं किती वाजेपर्यंत चालेल?" नंबर दुपारी गेला तर वॉर्डातल्या सिस्टरना सांगा की ओटीला फोन करून विचारा, अजून पाणी देता येईल का, नाहीतर सलाईन लावायचं का. काही ठिकाणी आता ओटीतून बोलावणं येईपर्यंत घोट घोट पाणी देतात, पण तो त्या हॉस्पिटलचा निर्णय असतो, आपण घरून ठरवायचा नाही.

ऑपरेशननंतरही उलट टोक गाठू नका. घरचे म्हणतात सलाईन अजून लावा, ताकद येईल. सलाईनने ताकद येत नाही, जास्त झालं तर पाय आणखी सुजतो, वयस्कर माणसाला दम लागतो, आणि स्पायनलमुळे बधिर असलेलं मूत्राशय भरत जातं पण जाणीव नसते, मग लघवी अडकते आणि नळी घालावी लागते. मळमळ नसेल तर वॉर्डात आल्यावर परवानगी मिळताच तोंडाने घोट घोट पाणी आणि मग हलकं खाणं, हे सलाईनपेक्षा कधीही चांगलं. पहिल्यांदा उठवताना लगेच उभं करू नका, पाच मिनिटं पाय खाली सोडून बसू द्या, पाय हलवू द्या, मग फिजिओंच्या हाताला धरून.

घरी आल्यावर आई पुन्हा पाणी तोडतील हे धरूनच चाला, कारण आता ऑपरेशनचा पाय घेऊन संडासला जायचंय. त्यामुळे डिस्चार्जच्या आधीच कमोडवर उंच सीट, भिंतीला धरायला दांडा, पलंगाशेजारी वॉकर आणि रात्री पॅसेजमध्ये दिवा एवढी सोय करा. "पाणी प्या" असं दिवसातून दहा वेळा सांगण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. अर्धा दिवस लघवीच झाली नाही, किंवा थेंब थेंब होतेय आणि ओटीपोट फुगलंय, उलट्या थांबत नाहीत, बोलण्यात गोंधळ वाटतोय, आडवं झाल्यावर दम लागतोय, पोटरी अचानक सुजून दुखतेय, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन करा. अशा वेळी घरच्या घरी जास्त पाणी पाजून बघू नका.

आईंच्या गोळ्यांची नावं पाकिटावर आहेत तशी, आणि शेवटचं क्रिएटिनिन-सोडियम किती होतं ते कळवलंत, तर तपासणीच्या दिवशी कुठला प्रश्न आधी विचारायचा ते मी सांगू शकेन.